घरबसल्या काम येतंय, पण गिऱ्हाईक कुठंय?

२०२३ च्या अधिक महिन्यातली गोष्ट. आमच्या विट्यातल्या बचत गटाची बैठक संपली, बायका चहा पिऊन पांगल्या, पण आमच्याच गल्लीतली एक सून काही उठेना. सतरंजीची घडी घालायच्या निमित्तानं मागं रेंगाळली आणि हळूच म्हणाली, ‘‘काकू, जरा बघता का हे?’’ मोबाइल पुढं केला. त्यावर इंग्रजीतली एक ‘नोटीस’ होती. वर तराजूचं चित्र, खाली शिक्का. आठ हजार रुपये भरा, नाही तर कोर्टात खेचू!

झालं होतं असं, की ‘घरबसल्या डेटा एंट्री करा आणि महिना वीस हजार कमवा’ अशी जाहिरात तिनं मोबाइलवर पाहिली. नोंदणीचे म्हणून अडीच हजार भरले. लेकराला झोपवून रात्री दीड-दीड वाजेपर्यंत पानंच्या पानं टाइप केली. दहाव्या दिवशी निरोप आला, तुमच्या कामात चुका फार आहेत, कराराप्रमाणे दंड भरा. घरी कुणाला सांगायची सोय नाही. नवऱ्याचे चार यंत्रमाग होते, त्यातले दोन भंगारात गेलेले. अशात अडीच हजार घालवले म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार?

ओळखीच्या वकिलांना ती नोटीस दाखवली. ते हसलेच. म्हणाले, ‘‘वहिनी, ही नोटीस नव्हे, नुसता धाक आहे.’’ मग १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करून तक्रार दिली, नंबर बंद केला. अडीच हजार गेले ते गेलेच, पण पोरीच्या डोक्यावरचा डोंगर उतरला.

मला वाटलं, विषय संपला. पण चार दिवसांनी ती परत दारात हजर! ‘‘काकू, ते लोक खोटे होते, कबूल. पण मला काम येतं ते तर खरं आहे ना? मग खरं काम देणारी माणसं कुठं भेटतात?’’

मैत्रिणींनो, खरं सांगते, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पापड, मसाले, शिलाई, पिशव्या यांचं गिऱ्हाईक कसं शोधायचं हे पंधरा वर्षांत शिकले होते. पण हिचा माल वेगळा. ही बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेली, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग सफाईदार. लग्नाआधी पाच वर्षं पुण्यात एका ऑफिसात होती. साहेबांच्या भेटी ठरवायच्या, पत्रं लिहायची, बिलं काढायची, कुणाचे पैसे यायचे राहिलेत त्यांना फोन करायचे, सगळं तीच बघायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच काम तिनं काही महिने घरूनही केलं होतं. माझ्या भाच्यानं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘अगं मावशी, याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. परदेशात १९९० च्या दशकापासून बायका करतायत.’’ म्हणजे ऑफिसातला मदतनीस, पण ऑफिसात न बसणारा. कामाच्या तासांपुरते पैसे घ्यायचे आणि एकाच वेळी तीन-चार जणांचं काम बघायचं.

नाव तर मोठं झोकदार! आम्ही दोघींनी गणपतीच्या तोंडावर पाचशे हँडबिलं छापून घेतली. वर ठळक अक्षरांत ‘व्हर्च्युअल असिस्टंट सेवा’. त्यातली तीनशे पेपरवाल्या पोराकडून पेपरात घालून वाटली. फोन किती आले असतील? तीन! एकानं विचारलं, ‘‘क्लासची फी किती?’’ दुसऱ्याला वाटलं विम्याचं काही आहे. तिसरा तर आपल्याच मुलाला नोकरी लावा म्हणाला. साडेसातशे रुपये पाण्यात.

त्या रात्री मी विचार करत बसले. आमच्या गटातली बाई दारोदार जाताना ‘मी खाद्यउद्योजिका आहे’ असं सांगते का? ती सांगते, ‘‘वहिनी, यंदा चकलीची भाजणी मी करून देते, तुम्ही दमू नका.’’ गिऱ्हाइकाला आपलं पद नको असतं, त्याला त्याच्या मागची कटकट कमी करून हवी असते. आणि आम्ही काय सांगितलं होतं? कुणालाही न कळणारं एक इंग्रजी नाव!

मग वही घेऊन बसलो आणि उलटा विचार केला. आपल्या ओळखीत कटकट कुणाकुणाला आहे?

आमच्या भागाची एक खासियत आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसं पिढ्यान् पिढ्या सोने-चांदी गलाईच्या धंद्यात आहेत. तमिळनाडू, केरळपासून थेट उत्तरेपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ पेठेत जा, आमच्याकडचा गलाईवाला सापडायचाच. घरातलं कुणी ना कुणी त्या मुलखात. ही माणसं भट्टीपुढं दिवसभर उभी असतात. बिलं डब्यात पडून असतात आणि जीएसटीची तारीख जवळ आली की धावपळ. तासगाव-सांगलीकडं बेदाण्याचे व्यापारी, त्यांच्या उधारीच्या वह्या. मिरजेला दवाखानेच दवाखाने, तिथं सारखा वाजणारा फोन. म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. आम्हीच त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललो नव्हतो.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे कामं कमी केली. आधीच्या हँडबिलावर अठरा कामं लिहिली होती. ‘सगळं करून मिळेल’ म्हटलं की माणसाला वाटतं, हिला नक्की काहीच येत नाही. आम्ही तीनच ठेवली. बिलं संगणकावर चढवून सीएकडं वेळेत पाठवणं, येणं बाकी आहे त्यांना आठवण करणं, आणि पत्रव्यवहार-भेटीच्या वेळा सांभाळणं.

दुसरी गोष्ट, नमुना तयार केला. पुष्कळ जणी सुरुवातीला ‘महिनाभर फुकट करून देते’ म्हणतात. माझा याला सक्त विरोध आहे. फुकटाची किंमत फुकटच राहते आणि महिन्यानंतर पैसे मागायची जीभ रेटत नाही. त्याऐवजी तिनं खोटी नावं घालून एका दुकानाची महिन्याची बिलं, उधारीची यादी आणि आठवणीचं सौम्य पत्र तयार केलं. भाजणीची चव दाखवतो तसंच. चिमूटभर हातावर ठेवायचं, डबा भरून नाही.

तिसरी गोष्ट, चाळीस नावांची यादी. माहेरचे, सासरचे, पुण्याच्या जुन्या ऑफिसातले, कॉलेजातले, नवऱ्याला सूत देणारे, लेकराचे डॉक्टर. मला वाटलं होतं वीससुद्धा होणार नाहीत. झाली त्रेचाळीस! मी तिला बजावलं, एकच निरोप सगळ्यांना ढकलायचा नाही. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांसारखा तोही कुणी वाचत नाही. रोज तिघांनाच लिहायचं, नावानिशी, त्यांच्या धंद्याचा उल्लेख करून. दोन दिवसांनी एक फोन. आणि ‘काम द्या’ म्हणायचं नाही, ‘तुमच्या ओळखीत बिलांच्या पसाऱ्यानं वैतागलेलं कुणी आहे का?’ असं विचारायचं. माणूस हसतो आणि म्हणतो, ‘‘मीच की!’’

व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ पासून मिळतं, तेही फुकट. तिनं दुसऱ्या सिमवर ते घेतलं. त्यात आपली माहिती, कामांची यादी, दर आणि वेळ टाकता येते. वेळेनंतर कुणी लिहिलं तर ‘उद्या दहाला उत्तर देते’ असा निरोप आपोआप जातो. ही साधी सोय, पण माणसाला वाटतं की इथं ऑफिस आहे, कुणी रिकामी बाई बसलेली नाही.

पहिलं गिऱ्हाईक दिवाळीत मिळालं. केरळात गलाईचं दुकान असलेले तिच्या माहेरगावचे एक दादा गावी आले होते. नमुना बघितला आणि म्हणाले, ‘‘ताई, मला हेच पाहिजे. अकरा तारखेच्या आत विक्रीची बिलं आणि वीसच्या आत सगळा हिशोब सीएकडं गेला पाहिजे. किती द्यायचे?’’

आणि आमची बाई काय म्हणाली? ‘‘द्या तुम्हाला काय वाटतील ते!’’

मी डोक्याला हातच लावला. तिथल्या तिथं मध्ये पडले, ‘‘दादा, उद्या सांगतो.’’ रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशोब तुमच्यासाठी इथं देते. लेकरू अंगणवाडीत असताना आणि दुपारी झोपल्यावर मिळून दिवसाचे तीन तास, महिन्याचे दिवस चोवीस, म्हणजे बहात्तर तास. पण सगळ्या तासांचे पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक शोधणं, फोन, आपलीच बिलं यात एक तृतीयांश जातो. उरले अठ्ठेचाळीस. हातात हवे आठ हजार. इंटरनेट सहाशे, वीज-फोन चारशे, लॅपटॉपच्या दुरुस्तीसाठी बाजूला सहाशे. एकूण नऊ हजार सहाशे. त्याला अठ्ठेचाळीसनं भागा. तासाला दोनशे रुपये. दादांच्या कामाला महिन्याला पंधरा तास, म्हणजे तीन हजार.

तिला तो आकडा फार वाटला. ‘‘एवढे कोण देईल काकू?’’ दादांनी एका शब्दात मान्य केला. वर म्हणाले, ‘‘दंड भरण्यापेक्षा हे स्वस्त.’’ आपल्या श्रमाची किंमत आपणच कमी धरतो, आणि मग जगाला नावं ठेवतो, नाही का?

सगळंच असं गोड घडलं नाही हो. डिसेंबरात एका व्यापाऱ्यानं दोन महिने काम करून घेतलं आणि सहा हजार रुपये देणं असताना फोन उचलायचा बंद केला. ती चार दिवस जेवली नाही. लोकांच्या उधारीची आठवण करून देणारी बाई, आणि तिचीच उधारी बुडली! त्यातून आम्ही शिकलो. आता निम्मे पैसे कामाआधी, निम्मे महिनाअखेरीला. काम काय, तास किती, पैसे कधी, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. आणि ‘उद्यम’ नोंदणी. सरकारच्या संकेतस्थळावर आधार आणि पॅन घेऊन ती घरी बसून करता येते आणि तिला एक पैसा लागत नाही. कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. ही नोंदणी असली की २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि थकवले तर दाद मागता येते. आमची नोंदणी तेव्हा नव्हती. त्यामुळं हात चोळत बसलो.

मिरजेच्या एका डॉक्टरांचं काम लेकराच्या डॉक्टरांच्या ओळखीनं आलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘आमच्या पेशंटची माहिती तुमच्या घरात चार जण वाचणार नाहीत कशावरून?’’ प्रश्न रास्त होता. तिनं लॅपटॉपला वेगळा पासवर्ड लावला, लेकराला कार्टून लावून द्यायचं तर ते टीव्हीवर. कुणाचीही माहिती बाहेर जाणार नाही असं लिहून दिलं. आणि एक नियम स्वतःहून सांगितला, ‘‘तुमच्या बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी मला कधीही सांगू नका, मी मागणार नाही.’’ डॉक्टर म्हणाले, हे वाक्य ऐकून काम दिलं. लोक काम देताना हात किती भरभर चालतो हे कमी बघतात, विश्वास टाकता येईल का हे जास्त बघतात. आता तर पत्र लिहून द्यायला, टाइप करायला यंत्रं आली. चॅटजीपीटी क्षणात मजकूर लिहून देतं. नुसत्या टायपिंगवर पोट भरणार नाही, हे मी गटातल्या मुलींना स्पष्ट सांगते. पण अमक्याला मंगळवारी फोन करायचाय हे लक्षात ठेवणारं, चुकलं तर ‘माझी चूक’ म्हणणारं माणूस लागतंच. आपण विकायचं ते हे.

आता घरातली गोष्ट. सासूबाईंना हे काम पटत नव्हतं. ‘‘दिसभर त्या डबड्याम्होरं बसती, आन् काम काय म्हनं, तर लोकास्नी फोन करायचं!’’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. कामाच्या मध्ये दळण टाकायला पाठवायच्या. मी समजावून बघितलं. नंतर म्हटलं, आपण बोलून उपयोग नाही. मी तिला सांगितलं, पहिल्या पैशातून महिन्याचा किराणा तू भर आणि यादी सासूबाईंकडून लिहून घे. तिनं तसं केलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या महिन्यापासून दहा वाजले की लेकराला कडेवर घेऊन मारुतीच्या देवळाकडं जायला लागल्या.

२०२४ च्या संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. गर्दीत तासगावकडच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या घरी बेदाण्याचा व्यापार. त्यांनी सासूबाईंना विचारलं, ‘‘तुमची सून काय करती म्हणं?’’ मी वाणाचं ताट घेऊन तिथंच उभी. म्हटलं आता काय ऐकायला मिळतंय! सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, ‘‘लोकांच्या दुकानाचं दप्तर आमची सून घरून बघती.’’

मी थक्क झाले. पाच महिने आम्ही दोघी शिकलेल्या बायका जे वाक्य शोधत होतो, ते चौथी शिकलेल्या बाईनं एका दमात सांगितलं! त्या बेदाणेवाल्या वहिनी लगेच म्हणाल्या, ‘‘अगं बाई, मग आमचंबी बघंल का? ह्यांचं दप्तर म्हंजे नुसता उकिरडा झालाय.’’ तिसरं गिऱ्हाईक तिथं, तिळगुळाच्या ताटाशी मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिनं व्हॉट्सॲपवरची ओळ बदलली : ‘तुमच्या दुकानाचं दप्तर मी घरून सांभाळते.’ इंग्रजी मजकूर तिनं लिंक्डइनवर ठेवला, कारण तिथली माणसं वेगळी. तिथंसुद्धा नुसतं पद न लिहिता, छोट्या ऑफिसांची बिलं आणि पत्रव्यवहार सांभाळते, असं लिहिलं. बारा जणांना वेगवेगळं पत्र पाठवलं, तिघांचं उत्तर आलं, एका पुण्याच्या आर्किटेक्टचं काम मिळालं. बारात एक. कमी वाटतं, पण भाजणी विकतानासुद्धा बारा दारं वाजवल्यावर एखादंच उघडतं, हे आपल्याला माहीत आहे.

आज तिच्याकडं चार जणांचं काम आहे. महिन्याला अकरा-बारा हजार सुटतात. ‘महिना पन्नास हजार’ असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं सांगणाऱ्यांनीच तिला रडवलं होतं. लाइट जाते, नेट जातं. तेव्हा ती ‘दोन तास उशीर होईल’ असं आधीच कळवते, थापा मारत नाही. जादा काम आलं तर गटातल्याच आणखी एकीला देते. दर तीन महिन्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दोन प्रश्न विचारते. माझ्या कामाबद्दल दोन ओळी लिहून द्याल का, आणि अशी गरज असलेलं आणखी कुणी माहीत आहे का? विचारायला लाज वाटायची, आता वाटत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यातही अशा कितीतरी जणी असतील. शिकलेल्या, कधी काळी नोकरी केलेल्या, आणि आता ‘मला काय येतंय’ म्हणत भाजी निवडत बसलेल्या. वही घ्या आणि चाळीस नावं लिहा. आपण काय करतो ते सासूबाईंना कळेल अशा एका वाक्यात सांगून बघा. त्यांना कळलं तर गिऱ्हाइकालाही कळेल. आणि एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. काम देणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही. जो आधी पैसे मागेल, त्याचा फोन ठेवून द्या.

आमची उरलेली दोनशे हँडबिलं वाया गेली नाहीत बरं का. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती रोज सकाळी कामाची यादी लिहिते. काम झालं की एकेक ओळ खोडते, आणि संध्याकाळी तिचा लेक त्याच कागदावर हत्ती काढतो.